लेखकाच्या रकान्यात कुणाचं नाव?

दिल्लीत द्वारकेला बौद्धिक संपदा भवन आहे. देशाचं कॉपीराइट कार्यालय तिथेच. पुस्तक, चित्र, गाण्याची चाल, जे काही नोंदवायचं असेल त्यासाठी ‘फॉर्म १४’ भरावा लागतो. साहित्यकृतीसाठी ५०० रुपये शुल्क, अर्ज केला की डायरी नंबर, मग कुणाची हरकत येते का हे पाहण्यासाठी ३० दिवस थांबायचं. या अर्जासोबतच्या तपशीलपत्रात लेखकाचा एक रकाना आहे. त्यात लेखकाचं नाव, पत्ता आणि राष्ट्रीयत्व विचारलेलं असतं. लेखक हयात नसेल, तर मृत्यूची तारीखही. वर्षानुवर्षं लोक हा रकाना फारसा विचार न करता भरत आले. २०२० मध्ये मात्र त्यात एका संगणकप्रणालीचं नाव आलं.

प्रणालीचं नाव ‘राघव’ आणि चित्राचं नाव ‘सूर्यास्त’. बौद्धिक संपदा कायद्याचे वकील अंकित साहनी यांनी स्वतः टिपलेलं सूर्यास्ताचं छायाचित्र या प्रणालीला दिलं, सोबत व्हॅन गॉगचं ‘तारांकित रात्र’ हे चित्र दिलं, आणि दुसऱ्याची छटा पहिल्यावर किती गडद चढवायची त्याचा एक आकडा दिला. प्रणालीने नवं चित्र तयार केलं. साहनींनी आधी एकट्या ‘राघव’ला लेखक ठरवून अर्ज केला, तो फेटाळला गेला. मग दोघांना सहलेखक दाखवून दुसरा अर्ज केला आणि नोव्हेंबर २०२० मध्ये तो चक्क मंजूर झाला. वर्षभराने कार्यालयाला जाग आली. नोंदणी मागे घेण्याबाबत नोटीस निघाली आणि ‘राघव’चं कायद्यातलं स्थान काय ते स्पष्ट करा, असं साहनींनाच विचारलं गेलं. कॅनडाने २०२१ मध्ये याच चित्राची याच पद्धतीने नोंद करून घेतली. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ११ डिसेंबर २०२३ रोजी अंतिम नकार दिला. व्हॅन गॉगच्या कुंचल्याचे फटकारे त्या आकाशावर नेमके कसे बसवायचे हे साहनींनी नाही, प्रणालीने ठरवलं, असं कार्यालयाचं म्हणणं.

चित्र एक, देश तीन आणि उत्तरं तीन. हा गोंधळ वकिलांपुरता राहिलेला नाही. दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठापासून पाठ्यपुस्तकातल्या आकृत्यांपर्यंत आणि जाहिरातीच्या जिंगलपासून मालिकांच्या संवादांपर्यंत तो पोचला आहे. म्हणून कायद्यात काय लिहिलंय, न्यायालयं काय म्हणतात आणि मराठीत लिहिणाऱ्या-रेखाटणाऱ्या माणसाने काय करावं, याचा नीट तपास करायचा मी ठरवलं.

हा प्रश्न टोकाला नेण्याचं काम अमेरिकेत मिसुरीच्या स्टीफन थॅलर यांनी केलं. ते संगणकशास्त्रज्ञ आहेत. त्यांच्या ‘क्रिएटिव्हिटी मशीन’ने एक चित्र काढलं : वेलींनी झाकलेल्या कमानीतून जाणारे रेल्वेचे रूळ. २०१८ मध्ये नोंदणीचा अर्ज करताना थॅलर यांनी लेखक म्हणून यंत्राचं नाव घातलं आणि माणसाचा यात काही हात नाही असं स्वतःच लिहून दिलं. कार्यालयाने नाही म्हटलं. १८ ऑगस्ट २०२३ रोजी वॉशिंग्टनच्या न्यायाधीश बेरिल हॉवेल यांनी नाही म्हटलं. १८ मार्च २०२५ रोजी अपील न्यायालयानेही तेच सांगितलं. अपील न्यायालयाने त्यासाठी सर्जनशीलतेच्या तत्त्वज्ञानात शिरायची गरजच मानली नाही. त्यांनी कायद्याची पानं उलटली. हक्काची मुदत लेखकाच्या आयुष्यावर मोजली जाते. लेखकामागे हक्क वारसांकडे जातात. हस्तांतराला सही लागते. यंत्राला आयुष्य नाही, वारस नाहीत, सही नाही. म्हणजे हा कायदा लिहिताना लेखक माणूसच असणार हे गृहीत होतं.

आपल्या फॉर्म १४ मधला तो मृत्यूच्या तारखेचा प्रश्नही हेच सांगतो. भारतात साहित्य, संगीत, चित्र यांवरचा हक्क लेखकाच्या हयातीत आणि पुढे ६० वर्षं टिकतो. जे मरत नाही त्याच्या मृत्यूनंतरची ६० वर्षं कुठून मोजणार?

पण थॅलर यांनी प्रश्न सोपा करून ठेवला होता. माणसाचा हात नाही असं त्यांनीच कबूल केलं होतं. खरी अडचण येते ती हात थोडा असतो तेव्हा. आणि तो जवळपास नेहमीच थोडा असतो.

श्रावणात दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांची घाई सुरू होते. पुण्यात नारायण पेठेतल्या एका चित्रकार बाईंकडे त्या दिवसांत मी बसले होते. एका अंकासाठी त्यांना दारात पणत्या लावणारी नऊवारीतली स्त्री हवी होती. त्यांनी संगणकावर एआय साधन उघडून चार ओळी लिहिल्या आणि मिनिटभरात चार चित्रं आली. उजेड सुरेख होता, पणत्यांची थरथर सुरेख होती. मग त्यांनी एकेक दोष दाखवायला सुरुवात केली. नथ उजव्या नाकपुडीत होती. लुगड्याला काष्टाच नव्हता, पुढच्या निऱ्या साडीसारख्या खाली सोडलेल्या. दारावरचा आकाशकंदील चिनी दुकानात टांगतात तसा लाल आणि गोल. उंबऱ्यापुढची रांगोळी नीट पाहिली तर ठिपके एका ओळीत नव्हते आणि रेषा मधेच कुठे तरी विरून जात होत्या. बाईंनी त्यातला फक्त पार्श्वभूमीचा उजेड ठेवला. बाई, नथ, लुगडं, कंदील आणि रांगोळी त्यांनी टॅबलेटवर पेनाने नव्याने काढलं. त्याला पुढचे दोन दिवस लागले. प्रत्येक टप्पा त्यांच्या फाइलमध्ये वेगवेगळ्या थरांत जपलेला होता. मुद्दाम नव्हे, कामाची सवय म्हणून.

या चित्रावर त्यांचा हक्क आहे का? माझ्या मते आहे, आणि जगातली बहुतेक न्यायालयं इथे हो म्हणतील. पण मशीनने दिलेलं पहिलंच चित्र उचलून त्यांनी तसंच छापायला दिलं असतं तर? तिथे वाटा फुटतात.

कोलोरॅडोच्या राज्य जत्रेत २०२२ साली जेसन अ‍ॅलन यांच्या चित्राला डिजिटल कलेच्या गटात पहिलं बक्षीस मिळालं. चित्र मिडजर्नी या साधनाने केलेलं होतं. आपण किमान ६२४ वेळा सूचना बदलून हे चित्र मिळवलं, असं त्यांनी कॉपीराइट कार्यालयाला सांगितलं. सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांना नकार मिळाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत क्रिस्टिना काश्तानोव्हा यांच्या ‘झार्या ऑफ द डॉन’ या चित्रकथेचा निकाल लागला होता : मजकूर त्यांचा, चित्रांची निवड आणि मांडणी त्यांची, पण मिडजर्नीने दिलेली एकेक चित्रं त्यांची नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकी कार्यालयाने सविस्तर अहवाल काढून हीच भूमिका मांडली. नुसती सूचना, ती कितीही लांब असो, पुरेशी नाही. आणि त्याच महिन्यात त्यांनी एका चित्राची नोंदणी मंजूरही केली. त्याच्या कर्त्याने चित्राचा एकेक भाग निवडून, झाकून, पुन्हा घडवून सुमारे ३५ फेरबदल केले होते आणि ते सगळं काम होताना टिपलेली चित्रफीत पुरावा म्हणून दिली होती. हक्क मिळाला तो निवड, जुळवणी आणि मांडणी यांवर.

बीजिंगच्या इंटरनेट न्यायालयाने २७ नोव्हेंबर २०२३ रोजी नेमकी उलट बाजू घेतली. एकाने स्टेबल डिफ्यूजन हे एआय साधन वापरून एका तरुणीचं चित्र बनवलं आणि समाजमाध्यमावर टाकलं. दुसरीने त्यावरची खूण कापून ते आपल्या कवितेसोबत वापरलं. न्यायालय म्हणालं, शब्दांची निवड, त्यांचा क्रम, यंत्राच्या मापांची जुळणी, आवडेपर्यंत केलेले बदल, यात माणसाची बुद्धी आणि आवड दिसते, म्हणून चित्र त्याचं. भरपाई ५०० युआन, शिवाय माफी.

यंत्र मधे आलं की कर्ता कोण, हा वाद नवा नाही. १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या नेपोलियन सॅरोनी यांनी ऑस्कर वाइल्डचं छायाचित्र काढलं. एका छापखान्याने त्याच्या ८५ हजार प्रती परस्पर छापल्या. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. छापखान्याची बाजू अशी की कॅमेरा हे यंत्र आहे, ते समोरचं टिपतं, यात लेखक कुठे आला? १८८४ मध्ये न्यायालयाने सॅरोनीच्या बाजूने निकाल दिला, कारण वाइल्डला बसवलं त्याने, कपडे आणि पडदे निवडले त्याने, उजेड ठरवला त्याने, चेहऱ्यावरचा भाव जागा केला त्याने. एआयची बाजू घेणारे आज हाच निकाल पुढे करतात. मला तो उलट बाजूने वाचावासा वाटतो. सॅरोनीने यंत्राला काय हवं ते सांगितलं नव्हतं. त्याने ते स्वतः घडवून यंत्रापुढे ठेवलं होतं. वेलींच्या कमानीचं चित्र हवं असं सांगणारा आणि वाइल्डची मान किंचित वळवून पडदा सारणारा, हे दोघं एक नव्हेत.

आता आपल्याकडे या. भारताच्या कायद्यात या प्रश्नाचं एक उत्तर १९९४ पासून आहे, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याला त्या वर्षी दुरुस्ती झाली आणि लेखकाच्या व्याख्येत, कलम २ (ड) मध्ये, सहावं उपकलम आलं. त्याचा आशय असा : संगणकाने निर्माण झालेल्या साहित्य, नाट्य, संगीत किंवा कलाकृतीच्या बाबतीत, ती निर्माण होण्यास जी व्यक्ती कारण ठरते ती लेखक. तो काळ आठवा. मराठी छापखान्यांतून खिळे जुळवणारे हात निघून जात होते आणि डीटीपीची केंद्रं गल्लोगल्ली उघडत होती. संगणक तेव्हा माणसाने सांगितलेलं तेवढंच करायचा. ‘कारण ठरणारी व्यक्ती’ कोण, याचं उत्तर खुर्चीवर बसलेला माणूस हेच होतं. ब्रिटनने १९८८ मध्येच अशी तरतूद केली होती. त्यांनी अशा कृतींसाठी ५० वर्षांची वेगळी मुदतही घातली. आपण मुदतीचा विचारच केला नाही.

आज ते वाक्य लावायला गेलं की एकामागून एक दावेदार उभे राहतात. सूचना लिहिणारा? साधन बनवणारी कंपनी? सूचना लिहायला सांगणारा संपादक? कंपन्यांच्या अटींत सहसा असं असतं की आमच्यात आणि तुमच्यात जो काही हक्क निर्माण होत असेल तो तुमचा. पण ‘कायदा देत असेल तितका’ ही पुस्ती त्यात असते, आणि तसाच मजकूर दुसऱ्यालाही मिळू शकतो हेही लिहिलेलं असतं. कंपनी जो हक्क तुम्हाला देते तो मुळात आहे की नाही, याची हमी ती घेत नाही.

काही वकील म्हणतात, १९९४ चं कलम आहे ना, मग भारतात यंत्रनिर्मित सगळ्यावर हक्क मिळतो, लेखक म्हणजे सूचना देणारा. मला हे वाचन पटत नाही. लेखक कोण हे कलम २ सांगतं; हक्क निर्माण होतो की नाही हे कलम १३ ठरवतं, आणि तिथे अट आहे की कृती ‘मूळ’ असली पाहिजे. मूळ म्हणजे काय, याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यात दिलं. वाद होता न्यायनिर्णयांच्या संग्रहाचा. न्यायालय म्हणालं, निकालाचा मजकूर कुणाच्याच खासगी मालकीचा नाही. तो सर्वांचा आहे. नुसती मेहनत आणि पैसा खर्च करून तो छापला म्हणून हक्क मिळत नाही. पण संपादकाने निकाल वाचून, समजून, त्याचे परिच्छेद पाडले, सारटिपणं लिहिली, तर त्या भागात त्याचं कौशल्य, त्याचा निवाडा आणि थोडी का होईना, सर्जनशीलता आहे; तेवढा भाग त्याचा. एआयच्या प्रश्नाला इतकी चपखल बसणारी मोजपट्टी आपल्याच न्यायालयाने आधीच तयार करून ठेवली आहे. यंत्रातून आलेला कच्चा मजकूर सर्वांचा, माणसाने त्यावर केलेलं काम माणसाचं. नारायण पेठेतल्या बाईंची नथ, काष्टा आणि रांगोळी त्यांची. पार्श्वभूमीचा उजेड कुणाचाच नाही.

हा कंजूषपणा कशासाठी, असं कुणी विचारेल. देऊन टाका ना हक्क, कुणाचं काय जातं? जातं, आणि फार जातं. डेमियन रील हे वकील आणि संगीतकार, नोआ रुबिन हे प्रोग्रॅमर. दोघांनी मिळून एका सप्तकातले, वरच्या ‘सा’सह, आठ स्वर घेतले आणि बारा मात्रांत त्यांच्या जितक्या म्हणून चाली होऊ शकतात तितक्या सगळ्या संगणकाकडून लिहवून घेतल्या. सेकंदाला तीन लाख या वेगाने. एकूण ६८ अब्जांहून जास्त चाली एका हार्ड डिस्कवर आल्या. यात एआय नव्हतं, साधी गणिती जुळवाजुळव होती. या दोघांचा हेतू चांगला होता. दोन गाण्यांची चार सुरांची योगायोगाने जुळलेली ओळ धरून संगीतकारांना कोर्टात खेचण्याचे प्रकार त्यांना थांबवायचे होते. म्हणून त्यांनी सगळ्या चाली सर्वांसाठी खुल्या करून टाकल्या. पण हेच काम उद्या एखाद्या कंपनीने हक्क सांगण्यासाठी केलं तर? ‘निर्मितीस कारण ठरलेली व्यक्ती’ म्हणून ६८ अब्ज चालींवर तिचं नाव लागलं, तर सांगलीत किंवा पणजीत पेटीवर बसून नवी चाल शोधणाऱ्या पोराने कुठे जायचं? माणसाच्या श्रमाला आणि विचाराला मोबदला मिळावा म्हणून कॉपीराइट आहे. ज्याला श्रमही नाहीत आणि विचारही नाही त्याला साठ वर्षांचं कुंपण घालून दिलं, तर माणसाला नव्याने काही करायला मोकळी जागाच उरणार नाही.

कृतीबद्दल इतकं तरी सांगता येतं. आवाजाचं काय? आवाज ही ‘कृती’ नाही, त्यामुळे कॉपीराइट लागत नाही. कलाकाराने केलेल्या सादरीकरणावर कलम ३८ खाली ५० वर्षांचा हक्क असतो. पण यंत्र जुनं ध्वनिमुद्रण वाजवत नाही, ते त्या गळ्यातून कधीच न निघालेलं नवं गाणं काढतं. गायक अरिजित सिंग या तक्रारीसह मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि २६ जुलै २०२४ रोजी न्यायमूर्ती आर. आय. छागला यांनी त्यांच्या आवाजाची नक्कल करणाऱ्या साधनांना अंतरिम मनाई केली. २९ सप्टेंबर २०२५ रोजी न्यायमूर्ती आरिफ डॉक्टर यांनी आशा भोसले यांना असंच संरक्षण दिलं. कुणाचाही आवाज आशाताईंच्या आवाजात बदलून देणारी साधनं परवानगीशिवाय उपलब्ध करून देणं हा प्रथमदर्शनी त्यांच्या व्यक्तिमत्त्व हक्काचा भंग आहे, असं न्यायालयाने म्हटलं. वयाच्या ९२ व्या वर्षी, आठ दशकं गाऊन झाल्यावर, आपला गळा आपलाच आहे हे सांगायला त्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली. मला याचा संताप येतो. आणि त्याहून जास्त काळजी वाटते ती ज्यांना उच्च न्यायालय परवडणार नाही त्यांची. आकाशवाणीच्या निवेदिका, डबिंग करणारे कलाकार, गावोगावचे कीर्तनकार, शाहीर. त्यांच्या ध्वनिफिती यूट्यूबवर पडून आहेत आणि आवाजाची नक्कल उतरवायला एवढी सामग्री पुरते. व्यक्तिमत्त्व हक्कासाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही; न्यायालयांनी एकेका प्रसिद्ध माणसासाठी तो घडवत नेला आहे. तो सगळ्यांसाठी लिहिला गेला पाहिजे.

कृती एकाची आणि मालकी दुसऱ्याची असेल तर एआय किती खोल घुसू शकतं, हे ‘रांझणा’ने दाखवलं. आनंद एल. राय यांचा २०१३ चा हा चित्रपट. त्याची तमिळ आवृत्ती १ ऑगस्ट २०२५ रोजी पुन्हा प्रदर्शित झाली तेव्हा हक्क असलेल्या कंपनीने एआय वापरून शेवट बदललेला होता. मूळ चित्रपटात मरणारा नायक इथे जगला. दिग्दर्शकाने जाहीर निषेध केला, नायक धनुष यांनी केला. पण भारतीय कायद्यात चित्रपटाचा ‘लेखक’ दिग्दर्शक नसतोच. कलम २ (ड) नुसार तो निर्माता असतो. कृतीची मोडतोड होऊ नये हा कलम ५७ मधला विशेष हक्क लेखकाला मिळतो. ज्याने चित्रपट दृश्यागणिक उभा केला, त्याला या कलमाच्या दारातच अडवलं जाऊ शकतं. चित्रपटसृष्टीने ही दुरुस्ती फार आधी मागायला हवी होती; आता तरी मागावी.

मुखपृष्ठांकडे परत येते. ‘दलालांच्या शैलीत एक स्त्री’ अशी सूचना आज कुणीही देऊ शकतो. मडगावचे चित्रकार दीनानाथ दलाल यांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ सुरू केला आणि मराठी दिवाळी अंकाला त्याचा चेहरा दिला. ते १९७१ मध्ये गेले. म्हणजे त्यांच्या चित्रांवरचा हक्क २०३१ अखेरपर्यंत टिकतो. चित्र उचललं तर गुन्हा. शैली उचलली तर कायदा काही करू शकत नाही, कारण शैलीवर कुणाचाच हक्क नसतो. एरवी हे योग्यच आहे. दलालांच्या मागून आलेल्या कितीतरी चित्रकारांनी त्यांच्या रेषेवर हात बसवला आणि पुढे आपली वाट काढली. पण ते शिकणं वर्षांचं होतं, आणि शिकणारा गुरूचं नाव सांगत होता. यंत्र ते सेकंदात करतं आणि नाव सांगत नाही. मार्च २०२५ मध्ये जपानच्या घिबली या अ‍ॅनिमेशन स्टुडिओच्या धाटणीची कोट्यवधी चित्रं लोकांनी हौसेने करून घेतली, तेव्हा हाच प्रश्न होता. त्याचं उत्तर शैलीवर हक्क देण्यात नाही. यंत्राला शैली कळली ती ज्या चित्रांतून, ती चित्रं कुणाला विचारून दिली गेली, हे विचारण्यात आहे.

हाच प्रश्न विचारणारा एक खटला दिल्लीत उभा आहे. एएनआय या वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये ओपनएआय या कंपनीविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा केला, आणि पुढे पुस्तकप्रकाशक, डिजिटल वृत्तप्रकाशक आणि संगीत कंपन्या त्यात आपली बाजू घेऊन उतरल्या. अमेरिकेत अँथ्रोपिक कंपनीने पुस्तकांच्या चोरट्या प्रतींवरून झालेल्या दाव्यात दीड अब्ज डॉलरची तडजोड केली. पुस्तकामागे सुमारे ३ हजार डॉलर, पुस्तकं ५ लाखांच्या आसपास. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने तिला प्राथमिक मान्यता दिली. त्या यादीत येण्याची एक अट होती, अमेरिकी कार्यालयात मुदतीत केलेली नोंदणी. मराठी पुस्तकं अशी नोंदवण्याची पद्धतच आपल्याकडे नाही. चाचेगिरीच्या संग्रहात एखादं मराठी पुस्तक सापडलं तरी त्याच्या लेखकाला या तडजोडीतून काही मिळण्याची शक्यता जवळपास नाही.

आपल्या सरकारची भूमिकाही बदलत आली. जुलै २०२१ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने एआयसाठी हक्कांचा वेगळा वर्ग करावा असं सुचवलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने राज्यसभेत सांगितलं की सध्याचा कायदा पुरेसा आहे. एप्रिल २०२५ मध्ये उद्योग संवर्धन विभागाने समिती नेमली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये तिच्या टिपणाचा पहिला भाग आला. त्यातला प्रस्ताव असा की एआय कंपन्यांना कायदेशीररीत्या मिळवता येणारा सगळा मजकूर प्रशिक्षणासाठी वापरण्याचा सक्तीचा परवाना मिळेल. बदल्यात त्या उत्पन्नातला हिस्सा देतील, तो एक मध्यवर्ती संस्था गोळा करून निर्मात्यांना वाटेल. समितीतल्या नॅसकॉम या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या संघटनेने असहमती नोंदवली, कारण कंपन्यांना पैसेही द्यायचे नाहीत. माझी हरकत दुसऱ्या टोकाची आहे. पैसे मिळतील हे चांगलंच, पण या योजनेत ‘नाही’ म्हणण्याचा हक्क लेखकाकडे उरत नाही. आपल्या कविता यंत्राला द्यायच्या नाहीत असं एखाद्या कवीला वाटलं, तर त्याने काय करायचं? आणि वाटप होणार ते संस्थांमार्फत. संगीतकारांच्या, चित्रपटगीतकारांच्या संस्था मजबूत आहेत. मराठी कादंबरीकाराचं, बालसाहित्यातल्या चित्रकाराचं नाव कुठल्या यादीत आहे? यंत्रनिर्मित कृतीची मालकी हा विषय त्या टिपणाने दुसऱ्या भागावर सोपवला. मराठी साहित्य संस्थांनी, प्रकाशक परिषदांनी आपलं म्हणणं लेखी पाठवण्याची जागा हीच. साहित्य संमेलनात ठराव करून हे काम होत नाही.

दरम्यान कामं चालूच आहेत, तेव्हा व्यवहाराचं बोलते. पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा असतो, हे कलम १७ सांगतं. पण लेखकपण चित्रकाराकडेच राहतं. त्यामुळे चित्रकाराने कच्ची रेखाटनं, थर असलेल्या फाइली, तारखा जपाव्यात, कारण उद्या कोर्टात कष्टाचा पुरावा तोच असेल. लेखकांनी खर्डे टाकून देऊ नयेत. संपादकांनी एआयचं चित्र छापलं तर श्रेयनामावलीत तसं स्पष्ट लिहावं. वाचकाला ते कळण्याचा अधिकार आहे. आणि असं चित्र दुसऱ्या कुणी उचललं तर आपल्याला बहुधा अडवता येणार नाही, हे धरून चालावं.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट जुन्या करारांमध्ये आहे. २०१२ मध्ये कलम १८ ला एक परंतुक जोडलं गेलं : हक्क हस्तांतरित करताना जे माध्यम किंवा वापराची जी पद्धत अस्तित्वात नव्हती किंवा व्यवहारात आली नव्हती, तिला ते हस्तांतर लागू होत नाही, करारात तिचा नेमका उल्लेख असेल तरच होतं. त्यानंतर पण एआयच्या लाटेआधी केलेल्या बहुतेक मराठी करारांत यंत्राच्या प्रशिक्षणाचा शब्दही नाही. माझं वाचन असं की तो हक्क लेखकाने अजून कुणाला दिलेलाच नाही. प्रकाशकाला तो परस्पर विकता येणार नाही. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कलम १९ नुसार हस्तांतर पाचच वर्षांचं असतं, हेही अनेकांना माहीत नसतं. तेव्हा घरात वडिलांच्या, आजीच्या, नवऱ्याच्या पुस्तकांचे करार ठेवलेली फाइल असेल तर या दिवाळीत ती काढा, मुदत आणि माध्यम ही दोन कलमं वाचा. प्रकाशक नवा करार घेऊन आला तर एआय प्रशिक्षणाचं कलम वेगळं मागा, त्याचा मोबदला वेगळा ठरवा, आणि ते होईपर्यंत सही करू नका.